कोळंबीच्या खाद्यात यीस्ट : औषध नव्हे, पूरक आहार

बुलढाणा जिल्हा समुद्रापासून दूर आहे. कोळंबी हा शब्द येथील बाजारात क्वचितच ऐकू येतो. भोई बांधव नदी-धरणांतून जो माल आणतात त्याला गावोगाव झिंगा असेच म्हणतात. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारखे जलाशय हेच आजवर जिल्ह्यातील मत्स्यव्यवसायाचे मुख्य क्षेत्र होते. परंतु गेल्या काही वर्षांत पाण्याचे एक नवे साधन शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधाआत आले आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही शेततळ्यांना साहाय्य दिले. संरक्षित ओलितासाठी खोदलेल्या या तळ्यांत प्रथम कटला व रोहू सोडण्यात आले. आता काही शेतकऱ्यांची दृष्टी झिंग्याकडे वळली आहे. झिंग्याला माशापेक्षा चांगला भाव मिळतो, हे त्याचे साधे कारण होय.

या विचाराच्या पाठोपाठ गावात आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे विक्रेत्याची पुडी. ‘प्रोबायोटिक’ असे तिचे नाव असते, रोग होणार नाही व वाढ दुप्पट होईल असे तिचे आश्वासन असते, आणि किंमत अशी असते की पहिल्याच हंगामात कर्जाचा एक भाग तिच्यावरच खर्च व्हावा. यांपैकी अनेक पुड्यांत जो मुख्य घटक असतो तो म्हणजे यीस्ट. पाव फुगविण्यासाठी बेकरीवाला जे खमीर वापरतो त्याच जातीचे हे यीस्ट होय.

यीस्टचा झिंग्याला उपयोग होतो काय? होतो. तो पुडीवर लिहिला असतो तितका होतो काय? नाही. या दोन उत्तरांमधील अंतर शेतकऱ्याला नीट समजावून सांगणे हे विस्तारकार्याचे काम आहे. ते काम विस्तार कर्मचाऱ्यांनी केले नाही तर विक्रेता आपल्या पद्धतीने करील आणि त्याची किंमत शेतकरी मोजील.

यीस्ट म्हणजे काय

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिला मराठीत किण्व असेही म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा हा जीव साखर खाऊन वाढतो आणि त्या क्रियेत कर्बवायू व मद्यार्क तयार करतो. पाव फुगतो तो कर्बवायूमुळे आणि मोहाची दारू बनते ती मद्यार्कामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंबण्याची क्रिया सजीव किण्वामुळे होते हे दाखवून दिले. कोळंबीच्या खाद्यात प्रामुख्याने वापरली जाणारी जात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही होय.

डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्याचे रूप कसे पालटू शकतात, हे बुलढाणा जिल्ह्यास वेगळे सांगावयास नको. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की खारट पाण्यात राहणाऱ्या एका प्रकारच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला आहे. शेततळ्यातही असेच असंख्य सूक्ष्मजीव नांदत असतात. काही उपकारक, काही अपकारक व बहुतेक निरुपद्रवी असतात. उपकारक जीवांचे बळ वाढवून अपकारकांना जागा मिळू न देणे, हा प्रोबायोटिक या कल्पनेचा गाभा आहे.

झिंग्याला त्याचा उपयोग

यीस्ट झिंग्याला तीन प्रकारे उपयोगी पडते.

पहिला उपयोग अन्न म्हणून. कोरड्या यीस्टमध्ये सुमारे ४० ते ५० टक्के प्रथिने असतात. ब गटातील जीवनसत्त्वे त्यात विपुल आहेत. लायसिन हे प्रथिनघटक चांगले, तर मेथिओनिन कमी असते. यीस्टच्या पेशीचे कवच जाड असल्यामुळे आतील प्रथिने पूर्णपणे पचत नाहीत. म्हणून मासळीची भुकटी किंवा सोयाबीनची पेंड यांच्या जागी केवळ यीस्ट घालता येत नाही. त्याचे स्थान जेवणातील चटणीचे आहे, भाकरीचे नव्हे.

दुसरा उपयोग प्रतिकारशक्ती जागी ठेवण्याचा. कोंबड्यांना मानमोडीची लस देतात, तशी लस झिंग्याला देता येत नाही; कारण झिंग्याच्या शरीरात एकदा भेटलेला रोग ओळखून ठेवणारी प्रतिपिंडांची व्यवस्थाच नसते. त्याचे संरक्षण त्याच्या रक्तातील पेशी आणि काही जन्मजात क्रिया यांच्यावर अवलंबून असते. यीस्टच्या कवचात बीटा-ग्लुकान नावाचा पदार्थ असतो. शरीरात बुरशी शिरली की काय अशी सूचना त्यामुळे झिंग्याला मिळते आणि त्याच्या संरक्षक पेशी सावध होतात. खरा शत्रू येण्यापूर्वी गावच्या पहारेकऱ्याला जागे करण्यासारखे हे आहे.

तिसरा उपयोग आतड्याचा व तळ्याचा. जिवंत यीस्ट पचनाला साहाय्य करते. त्याच्या कवचातील मॅनन या पदार्थाला काही अपकारक जंतू चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात, असे मानले जाते. तळ्याच्या पाण्यात कोंडा व गूळ यांच्यासह आंबवून टाकलेले यीस्ट सूक्ष्म प्राण्यांचे खाद्य होते आणि तेच सूक्ष्म प्राणी झिंग्याच्या पिलांचे पहिले अन्न होतात. जिल्ह्यातील काही शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर आहे. अशा तळ्याच्या तळाशी माती नसल्यामुळे नैसर्गिक खाद्य फार कमी तयार होते. या तळ्यांत यीस्टचा हा तिसरा उपयोग पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा ठरतो.

यीस्टला जे साधत नाही

उपयोग सांगताना मर्यादा सांगितली नाही तर ती अर्धी फसवणूक होय. भारतातील कोळंबी व्यवसायाचा इतिहास याबाबतीत बोलका आहे. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूरोगाने आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोळंबीची तळी उद्ध्वस्त केली. त्यानंतर अनेक ठिकाणी प्रतिजैविक औषधांचा बेसुमार वापर सुरू झाला. वास्तविक प्रतिजैविके विषाणूवर चालतच नाहीत. त्यांचा अंश मालात राहिला आणि पुढे युरोपात भारतीय कोळंबीचे साठे नाकारले गेले. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधे मत्स्यशेतीत वापरण्यास आज भारतात बंदी आहे. ‘रोग दिसला की पुडी टाका’ या सवयीने व्यवसायाचे किती नुकसान होते, याचा हा पाठ आहे.

यीस्ट हे प्रतिजैविक नाही आणि त्याचा अंश मालात राहून कोणास अपाय होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु रोग लागलेल्या तळ्यात यीस्ट टाकून रोग बरा होत नाही. सदोष बीज, दूषित पाणी, प्राणवायूचा तुटवडा किंवा अति दाट साठवण यांपैकी एकही दोष यीस्टने भरून निघत नाही. ‘पी हळद आणि हो गोरी’ या न्यायाने त्याच्याकडे पाहू नये.

अधिक दिल्याने अधिक लाभ होतो, हीदेखील चुकीची समजूत आहे. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय पांढऱ्या कोळंबीवर यीस्टमधून काढलेल्या ग्लुकानचे प्रयोग केले आणि ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. खाद्यात ०.२ टक्के ग्लुकान सात दिवसांतून एकदा दिले असता विषाणूच्या संसर्गानंतर जगलेल्या कोळंबीचे प्रमाण सर्वांत चांगले आढळले. रोज व अधिक मात्रेने देण्यात तसा लाभ नव्हता. पहारेकऱ्याला रात्रंदिवस हाका मारीत राहिले तर तो थकतो, असा त्याचा अर्थ लावता येईल. रोज एक पुडी टाकण्याचा आग्रह धरणाऱ्याला हा प्रयोग अवश्य सांगावा.

जिल्ह्याचे पाणी व हंगाम

यीस्टच्या आधी पाण्याचा विचार झाला पाहिजे आणि बुलढाण्यात पाणी सर्वत्र सारखे नाही. घाटावरील चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या भागांतील शेततळ्यांत मुख्यतः पावसाचे व ओढ्याचे गोडे पाणी असते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतून खारपाण पट्टा जातो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा पट्टा साडेचार लाख हेक्टरांहून अधिक पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी पिण्यास वा ओलितास योग्य नसल्यामुळे ‘हे पाणी निदान कोळंबीला तरी चालेल’ अशी आशा निर्माण होणे स्वाभाविक आहे.

या आशेला आधार नाही असे नव्हे. हरियाणा, पंजाब व राजस्थान या राज्यांतील खारवट भूजलावर व्हेनामी कोळंबीचे उत्पादन घेतले जाते. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात समुद्राच्या पाण्याच्या मानाने पोटॅश फार कमी असते आणि ते पोटॅशच्या खताने भरून काढावे लागते, हा तेथील अनुभवाचा मुख्य निष्कर्ष आहे. परंतु पूर्णाकाठचे पाणी वेगळे आहे. त्यात सोडियमचे बायकार्बोनेट अधिक असून ते विम्लतेकडे झुकणारे आहे. म्हणून हरियाणाचे कोष्टक येथे जसेच्या तसे लागू पडेल असे मानू नये.

शिवाय व्हेनामी ही मूळची भारताची नव्हे; ती अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरून आलेली आहे. २००९ साली नियमांच्या चौकटीत तिला भारतात परवानगी मिळाली. तिचे बीज, तिचे तळे आणि तळ्यातून बाहेर सोडावयाचे पाणी या तिन्ही गोष्टींविषयी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी व मार्गदर्शन घेतल्याखेरीज तिला हात लावू नये. खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतात किंवा गावच्या नाल्यात सोडले गेले तर आधीच चोपण होत चाललेली काळी जमीन आणखी बिघडेल. एका शेतकऱ्याच्या लाभासाठी चौघांची जमीन जावी, असा व्यवहार कोणत्याही कार्यकर्त्याने पाठीशी घालू नये.

नवशिक्या शेतकऱ्यासाठी योग्य जात म्हणजे गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, रोझेनबर्गी. ती भारताचीच आहे. तिची अगदी लहान पिले निमखाऱ्या पाण्यात वाढतात, म्हणून बीज किनारपट्टीवरील बीजोत्पादन केंद्रांतून आणावे लागते. पुढची वाढ मात्र गोड्या पाण्यात होते. पाणी फार कठीण असले, म्हणजे लिटरमागे सुमारे ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चुन्याच्या प्रमाणाचे असले, तर तिची वाढ मंदावते. सामू ९ च्या वर गेला तर ती धोक्यात येते. म्हणून खारपाण पट्ट्यातही विहिरीच्या पाण्यापेक्षा पावसाचे साठविलेले पाणी तिला मानवते.

दुसरे बंधन हंगामाचे. झिंगा उष्ण पाण्याचा प्राणी आहे. २६ ते ३१ अंश सेल्सिअस उष्णतेत तो चांगला वाढतो; पाणी थंड झाले की खाणे सोडतो. जुलैत तळे भरल्यावर बीज सोडावे आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत, कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी, माल काढावा, हाच येथील सरळ हिशेब आहे. काढणीनंतर उरलेले गोड्या पाण्याचे तळे हरभऱ्याच्या वा गव्हाच्या ओलितास उपयोगी पडते आणि त्या पाण्यात खताचाही अंश असतो. अवर्षणाच्या जिल्ह्यात झिंग्यासाठी पाणी खर्च करावे काय, असा आक्षेप घेतला जातो. गोड्या पाण्यापुरते त्याचे हे उत्तर आहे.

वापरण्याची रीत

आपल्या गरजेपुरते यीस्ट बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळते. पुडीवरील तारीख पाहून ताजे यीस्ट घ्यावे व थंड, कोरड्या जागी ठेवावे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बिअरचे कारखाने आहेत. तेथील उरलेले ओले यीस्टही पौष्टिक असते, परंतु ते लवकर नासते व चवीला कडू असते. वाळविण्याची सोय नसल्यास त्याच्या नादी लागू नये.

खाद्यावर लावण्यासाठी खाद्याच्या दर किलोमागे १० ग्रॅम यीस्ट पुरेसे आहे. एक पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवून त्यात यीस्ट घालावे. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट असावे; फार गरम पाण्यात यीस्ट मरते. पंधरा-वीस मिनिटांत फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे असे समजावे. फेस न आल्यास ते जुने झालेले आहे. हे पाणी तयार खाद्याच्या गोळ्यांवर शिंपडून हलक्या हाताने मिसळावे, वर थोडे खाद्यतेल चोळावे आणि अर्धा तास सावलीत वाळवून त्याच दिवशी वापरावे. कारखान्यात खाद्याच्या गोळ्या वाफेने शिजवितात. त्या उष्णतेत यीस्टच्या कवचाचे गुण टिकत असले तरी त्याचा जीव टिकत नाही. म्हणून ‘जिवंत यीस्टयुक्त’ असे लिहिलेल्या गोळ्यांसाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी यीस्ट केव्हा मिसळले याची चौकशी करावी.

असे खाद्य रोज देण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून दोन दिवस देऊन सुरुवात करावी. बीज सोडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस, पाऊस उघडून हवामान एकदम पालटते ते दिवस, आणि जाळे ओढून झिंगे हाताळल्यानंतरचे दोन-तीन दिवस हे त्याच्या विशेष उपयोगाचे होत.

तळ्यात टाकावयाच्या आंबवणीसाठी सुमारे नऊ गुंठ्यांच्या, म्हणजे ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, तळ्यास २ किलो तांदळाचा किंवा गव्हाचा बारीक कोंडा, अर्धा किलो गूळ, २० ग्रॅम यीस्ट व २० लिटर स्वच्छ पाणी घ्यावे. कोंडा न मिळाल्यास मक्याचे पीठ चालेल. मका तर जिल्ह्यात पिकतोच. मळीच्या व्यवहारावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्यामुळे गूळच सोयीचा. मिश्रण झाकणाच्या पिंपात सैल झाकून २४ ते ४८ तास ठेवावे व दिवसातून दोन-तीन वेळा ढवळावे. गोड-आंबूस वास आला की गाळून पाणी तळ्यात सर्वत्र शिंपडावे. कुजका वास आला किंवा काळी बुरशी दिसली तर ते तळ्यात टाकू नये, उकिरड्यावर टाकावे.

ही आंबवणी आठवड्यातून एकदा, स्वच्छ ऊन असताना, सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान टाकावी. ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी ती कदापि टाकू नये, कारण ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते आणि पहाटेच्या वेळी तळ्यात प्राणवायू मुळातच सर्वांत कमी असतो. पहाटे झिंगे काठाला येऊन निपचित पडलेले दिसले तर आंबवणी व खाद्य दोन्ही तत्काळ थांबवून ताजे पाणी द्यावे किंवा पंप लावून पाणी उडवावे. पाणी गडद हिरवे झाल्यासही आंबवणी थांबवावी.

झिंगे एकमेकांना खातात, विशेषतः कात टाकलेल्या मऊ झिंग्याला. म्हणून जुन्या कौलांचे तुकडे, नळ्या किंवा जाळीच्या गुंडाळ्या तळ्यात ठेवून त्यांना लपावयास जागा द्यावी. चौरस मीटरला दोन झिंगे ही नवशिक्याची मर्यादा समजावी. सोबत मासे ठेवावयाचे असल्यास झिंगे त्याहूनही कमी सोडावेत आणि वरच्या व मधल्या थरात खाणारे कटला, रोहू निवडावेत; तळाशी खाणारे मृगळ व सायप्रिनस टाळावेत.

हिशेब

कोळंबीच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा बहुधा निम्म्याहून अधिक असतो. यीस्टचा विचार याच चौकटीत करावा. समजा, एका तळ्यात १,५०० झिंगे सोडले, त्यांतील ६० टक्के म्हणजे ९०० जगले आणि सरासरी ४० ग्रॅम वजनाचे झाले. एकूण माल ३६ किलो. किलोभर मालास दोन किलो खाद्य धरले तर खाद्य लागले ७२ किलो. या सर्व खाद्याला यीस्ट लावले तरी यीस्ट लागेल ७२० ग्रॅम. यीस्टचा भाव किलोस ४०० रुपये व खाद्याचा ८० रुपये धरला, तर यीस्टचा खर्च २८८ रुपये होतो. खाद्याची पाच टक्के बचत झाली, म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम खाद्य वाचले, तरी तेवढेच २८८ रुपये परत मिळतात. त्यापुढचा लाभ शेतकऱ्याचा. आंबवणीचा कोंडा, गूळ व यीस्ट यांचा खर्च वेगळा मांडावा.

आता याच तळ्यासाठी २,००० रुपयांच्या पुड्या घेतल्या असे समजा. तो खर्च खाद्याच्या बचतीतून भरून निघण्यास २५ किलो खाद्य वाचले पाहिजे, म्हणजे एकूण खाद्याचा तिसऱ्या भागाहून अधिक हिस्सा. असे घडणे संभवनीय नाही. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून तोच हिशेब करावा. विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा वहीवर केलेली ही बेरीज-वजाबाकी अधिक परिणामकारक ठरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

झिंगापालनाच्या इच्छेने शेतकरी आला की कार्यकर्त्याने यीस्टची गोष्ट शेवटी काढावी. प्रथम पाण्याची तपासणी, नंतर बीजाची रोगमुक्तता, नंतर साठवणीचे प्रमाण, नंतर खाद्य आणि मग यीस्ट, हा क्रम मोडू नये. पाण्याच्या तपासणीविषयी व पुढील सल्ल्यासाठी जिल्ह्यात बुलढाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रांशी आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क ठेवावा.

दुसरे कर्तव्य प्रयोगाचे. शक्य असेल तेथे एकाच गावात सारख्या आकाराची दोन तळी निवडावीत. दोहोंत एकाच दिवशी, एकाच ठिकाणचे, मोजलेले बीज सोडावे. एकात यीस्ट द्यावे, दुसऱ्यात देऊ नये. बाकी सर्व सारखे ठेवावे. दोरीने सोडलेल्या जाळीच्या ताटलीत थोडे खाद्य ठेवून दोन तासांनी उरलेले पाहावे आणि त्यानुसार पुढचे खाद्य कमी-अधिक करावे. दर पंधरवड्यास तीस झिंगे काढून वजन करावे. अखेरीस जगलेले झिंगे, त्यांचे वजन व लागलेले खाद्य ही तीन माने दोन्ही तळ्यांची शेजारी-शेजारी लिहावीत. एका हंगामात थोडा फरक दिसला म्हणून जाहिरात करू नये, कारण दोन तळ्यांत तेवढा फरक काहीही न करताही पडतो. दुसऱ्या हंगामात तळी उलटसुलट करून तोच प्रयोग केला आणि पुन्हा तोच निष्कर्ष आला, तर मात्र त्याला वजन येते.

तिसरे कर्तव्य स्पष्टपणाचे. पुडीवर यीस्टची जात, दर ग्रॅममधील जिवंत पेशींची संख्या, तयार केल्याची तारीख व वापराची मुदत छापलेली नसेल, तर ‘ही घेऊ नका’ असे शेतकऱ्याला स्पष्ट सांगावे. रोग बरा करण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही पुडीत बंदी असलेले औषध मिसळलेले असू शकते, ही शंका मनात ठेवावी. झिंगे मरू लागले तर पुडी शोधण्याऐवजी नमुना घेऊन मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे आणि त्या तळ्याचे पाणी, जाळे व भांडी दुसऱ्या तळ्याकडे जाऊ देऊ नयेत.

या जिल्ह्यातील शेतकऱ्याने कापूस व सोयाबीन यांच्या बियाणे-औषधांवर ‘खात्रीचे’ म्हणून पुष्कळ पैसे घालविले आहेत. शेततळ्याचा व्यवसाय नवीन आहे, म्हणून त्याला चांगल्या सवयी आताच लावता येतील. पुढे त्या लावणे कठीण जाईल. यीस्टसारखी स्वस्त, निरुपद्रवी व घरच्या घरी वापरता येणारी वस्तू या सवयी लावण्यास योग्य आहे. तिच्यात शेतकऱ्याची फारशी रक्कम अडकत नाही आणि ती वापरताना तो पाणी पाहण्यास, वजन करण्यास, हिशेब ठेवण्यास शिकतो. हे शिक्षण पदरात पडले तर यीस्टमुळे झिंगा चार ग्रॅमने अधिक वाढला की नाही, हा प्रश्न गौण ठरेल. खाद्य, पाणी व नोंदवही यांवर विश्वास ठेवणारा शेतकरी पुड्यांच्या मागे लागत नाही, आणि असा शेतकरी तयार करणे हेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे यश होय.